गुलाब नाकारणारे कवि

प्रेमकाव्याचा विषय शाळेच्या अंकांत पाहून एखाद्या पालकाच्या कपाळास आंठी पडण्याचा संभव आहे. परंतु इंग्रजी काव्याचा अभ्यास करूं पाहणाऱ्यास हा विषय टाळतां येत नाहीं. शिवाय ज्या तीन कवितांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांत प्रेमाच्या रूढ थाटामाटासच कवींनीं रजा दिली आहे.

हा थाट बराच जुना. चौदाव्या शतकांत इटलींतील पेट्रार्क (१३०४–१३७४) या कवीनें लॉरा नांवाच्या स्त्रीस उद्देशून शेंकडों कविता रचल्या, आणि पुढें युरोपभर त्यांचें अनुकरण झालें. नेत्र म्हणजे सूर्य, ओठ म्हणजे पोंवळें, गाल म्हणजे गुलाब, केंस म्हणजे सोन्याची तार! प्रेयसी कोणतीहि असो, वर्णन तेंच. आपल्या चंद्रमुखी आणि मृगनयना वाचकांस येथें आठवतीलच.

शेक्सपिअरचीं १५४ सुनीतें १६०९ मध्यें छापलीं गेलीं. त्यांतील १३० व्या सुनीतांत तो ही ठराविक यादी हातीं घेतो आणि एकेक वस्तु बाजूस सारतो. तिचे डोळे सूर्यासारखे नाहींत. पोंवळें तिच्या ओठांहून पुष्कळ तांबडें असतें. ती चालते तेव्हां तिचे पाय जमिनीवरच पडतात. घाईनें वाचणारा विद्यार्थी ‘कवीनें प्रेयसीची निंदा केली आहे’ असें लिहून मोकळा होतो. त्यानें दोन शब्दांपाशीं थोडें थांबावें. केंसांना तार म्हणणें आज विचित्र वाटतें. पण त्या काळीं सोनेरी केंसांस सोन्याच्या तारेची उपमा देण्याची रीतच होती. हिचे केंस काळे आहेत, एवढाच तेथील टोला. तिच्या श्वासाविषयीं योजिलेलें क्रियापदहि आज दुर्गंधीचें वाचक असलें, तरी तेव्हां त्यास इतका वाईट वास नव्हता.

आपल्या अलंकारशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर या सुनीताची खरी गंमत कळते. व्यतिरेक अलंकारांत उपमेय उपमानाहून सरस ठरतें: चंद्रावर डाग आहे, मुखावर नाहीं. येथें सर्व उलट. प्रत्येक वेळीं उपमानच जिंकतें. आणि तरीहि शेवटच्या दोन ओळींत कवि शपथेवर सांगतो कीं, खोट्या उपमांनीं नटविलेल्या कोणत्याहि स्त्रीइतकीच माझी प्रिया दुर्मिळ आहे. सूर्याशीं आणि पोंवळ्याशीं तिची शर्यत लावलीच कोणी? पेट्रार्कच्या अनुकरणकर्त्यांस एक मूर्ति हवी होती. शेक्सपिअर एका विशिष्ट स्त्रीकडे पाहून बोलतो आहे.

जॉन डन (१५७२–१६३१) यानें वर्णनाऐवजीं निरोपाची रीत नाकारली. त्याची वियोगप्रसंगींची सुप्रसिद्ध कविता त्याच्या मृत्यूनंतर, १६३३ मध्यें, प्रसिद्ध झाली. प्रवासास निघतांना ती त्यानें पत्नीस उद्देशून लिहिली, असें त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन म्हणतो. अश्रूंचे पूर आणि उसाशांचीं वादळें आपल्याला नकोत, असें डन तींत सांगतो, आणि दोघांच्या जीवांस उपमा देतो ती वर्तुळ काढण्याच्या कंपासाची! मधला पाय जागेवर राहतो. दुसरा दूर जाऊं लागला कीं त्याच्याकडे कलतो, आणि तो परत आला कीं पुन्हां ताठ उभा राहतो. उपमा त्यानेंहि सोडली नाहीं, फक्त ती बागेंतून न आणतां भूमितींतून आणली. डननें १६०१ मध्यें ॲन मोर हिच्याशीं गुप्तपणें विवाह केला होता, आणि त्यापायीं नोकरी गमावून कांहीं काळ तुरुंगहि पाहिला होता. इतकें सोसलेल्या माणसास रडण्याचें प्रदर्शन नकोसें वाटलें, तर नवल नाहीं.

तिसरी कविता आपल्या काळांतील आहे. कॅरोल ॲन डफी या २००९ ते २०१९ पर्यंत ब्रिटनच्या राजकवि होत्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्यांच्या १९९३ च्या ‘मीन टाइम’ या संग्रहांत ‘व्हॅलेंटाइन’ ही कविता आहे. १४ फेब्रुवारीस प्रेमिकांनीं तांबडा गुलाब किंवा साटिनचें हृदय द्यावें, अशी रूढि. या कवितेंतील व्यक्ति तें सर्व नाकारून देते काय, तर एक कांदा! आमच्या माताभगिनींस ही भेट फारशी नवलाची वाटणार नाहीं; पण कवितेंत तिचें समर्थन मोठें कसून केलें आहे. कांद्याच्या तपकिरी कागदांत जणूं चंद्र गुंडाळलेला आहे. तो डोळ्यांत पाणी आणतो. त्याच्या पांढऱ्या चकत्या लहान होत होत विवाहाच्या अंगठीएवढ्या होतात. मात्र मागील दोन कवि प्रियेला धीर देतात, तसा येथें दिलेला नाहीं. या प्रेमांत गोडव्याबरोबर हक्क गाजविण्याची ओढहि आहे, आणि तें घातकहि होऊं शकतें, हें न लपवितां सांगितलें आहे. सत्य सांगावयाचें म्हटल्यावर तें रुचेल तेवढेंच सांगून थांबतां येत नाहीं. म्हणून आमच्या मतें तिघांत हीच कविता अधिक धीट आहे. वास बोटांस लागून राहील, सुरीलाहि लागून राहील, असें बजावून ती संपते. समोरच्यानें तो कांदा घेतला कीं नाहीं, हें मात्र कवयित्री सांगत नाहीं.