शितावरून भाताची परीक्षा : पीक कापणी प्रयोगांमागील संख्याशास्त्र

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. भांड्यातील एक शीत बोटांत चेपून पाहिले की भात झाला की नाही, ते कळते. हा निर्णय सहसा चुकत नाही. कारण भांड्यातील सर्व शिते एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेली असतात. शेताचे तसे नसते. एकाच शिवारात एका बांधाच्या अलीकडे काळी कसदार जमीन, तर पलीकडे मुरमाड माळ असू शकतो. एका शेताला ऐन फुलोऱ्यात पाऊस मिळतो, दुसरे त्याच आठवड्यात कोरडे राहते. अशा ठिकाणी कोणत्याही एका शितावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा किती शिते पाहावीत, ती कशी निवडावीत आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत खरा मानावा, हे प्रश्न उभे राहतात.

ग्रामीण शाखांतील कर्मचाऱ्यांना हे प्रश्न पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर थेट खातेदाराकडून विचारले जातात. पीक विम्याच्या नुकसानभरपाईचा हंगाम आला की शेतकरी पासबुक घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, माझ्या शेतात निम्मेही पीक आले नाही, मग मंडळाचे उत्पन्न एवढे कसे धरले?" त्यावर "कापणी प्रयोगांची सरासरी तशी आली आहे" असे उत्तर दिले जाते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झाली. पीक कर्ज घेणाऱ्यांना ती प्रारंभी सक्तीची होती आणि २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक करण्यात आली. तिच्या उत्पन्नावर आधारित भरपाईचे गणित असे : मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरी उत्पन्नाला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. चालू हंगामाचे सरासरी उत्पन्न त्याहून कमी भरले, तर जितकी तूट तितक्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई निघते. उत्पन्न ठरते ते विमा क्षेत्र घटकाचे, एकेका शेताचे नव्हे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमुख पिकांसाठी प्रयोगांची किमान संख्या ठरवून दिली. तालुका हा घटक असल्यास १६, महसूल मंडळ असल्यास १० आणि ग्रामपंचायत असल्यास ४.

प्रयोग म्हणजे काय, हेही पाहण्यासारखे आहे. गाव आणि शेत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीला वाव न ठेवता, निवडले जाते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक संख्यांनुसार अंतर मोजून प्रयोगाच्या तुकड्याची जागा ठरते. पुष्कळ पिकांसाठी हा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असतो. त्यातील पीक कापून, मळून, वजन करतात. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. सबब तराजूतील १०० ग्रॅमची चूक हेक्टरी २० किलो होऊन कागदावर उतरते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मंडळात सोयाबीनचे दहा प्रयोग झाले आणि तुकड्यांतून पुढीलप्रमाणे किलो धान्य मिळाले असे समजा : ६.२, ४.१, ५.६, ३.३, ७.०, ४.८, ५.१, २.९, ६.४ आणि ४.६. बेरीज ५० किलो, सरासरी ५ किलो, म्हणजे हेक्टरी १००० किलो. उंबरठा उत्पन्न ११०० किलो असेल, तर तूट १०० किलोंची, म्हणजे सुमारे ९.१ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरल्यास भरपाई सुमारे ४,५४५ रुपये होईल.

कार्यालयीन हिशेब येथे संपतो. संख्याशास्त्राचा मात्र येथूनच सुरू होतो. हेच प्रयोग त्याच मंडळातील दुसऱ्या दहा शेतांवर झाले असते तर सरासरी नेमकी पाचच किलो आली असती काय? अर्थातच नाही. मग ती किती वरखाली झाली असती? याचा अंदाज हाती असलेल्या दहा आकड्यांतूनच काढता येतो, आणि या शास्त्रातील खरी नवलाची गोष्ट हीच आहे. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांचे वर्ग करावेत. वर्गांची बेरीज १६.०८ येते. तिला ९ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन मिळते, १.३४ किलो. हा एकेका तुकड्यातील चढउतार झाला. दहा तुकड्यांच्या सरासरीचा चढउतार त्याहून कमी असतो, कारण काही तुकडे वर तर काही खाली जाऊन एकमेकांना सावरतात. १.३४ ला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.४२ किलो ही सरासरीची प्रमाण त्रुटी हाती येते.

नमुना मोठा असेल, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पट अंतर सोडतात. पण दहाच्या नमुन्यात प्रमाण विचलन स्वतःच अंदाजाने काढलेले असते आणि तो अंदाजही डळमळीत असतो. ही अडचण ज्याला प्रथम नीट उमगली, तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीस होता. बार्लीचे प्रयोग महाग, त्यामुळे आकडे थोडे. आणि निर्णय तर घ्यायचाच असे. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करू नये असा कंपनीचा दंडक असल्याने १९०८ साली त्याचा निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला गेला, आणि आजही त्याच्या कोष्टकाला स्टुडंटचे टी-कोष्टक असेच म्हणतात. शेताच्या मोजक्या तुकड्यांसाठी जन्मलेले हे गणित आपल्या कापणी प्रयोगांना चपखल लागू पडते. कोष्टकानुसार दहा निरीक्षणांसाठी १.९६ ऐवजी २.२६ घ्यावे लागतात. ०.४२ च्या २.२६ पट म्हणजे सुमारे ०.९६ किलो, हेक्टरी १९१ किलो. म्हणून मंडळाचे उत्पन्न '१००० किलो' असे न म्हणता '८०९ ते ११९१ किलो' असे म्हणावे लागते. यालाच ९५ टक्के विश्वास-अंतराल किंवा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात.

या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. बँकेच्या व्यवहारात विश्वास व्यक्तीवर किंवा तारणावर ठेवला जातो. येथे तो त्या विशिष्ट दोन आकड्यांवर नसून ते काढण्याच्या पद्धतीवर आहे. मंडळाचे खरे सरासरी उत्पन्न ही निश्चित संख्या आहे. ती ८०९ आणि ११९१ यांच्यामध्ये असेल किंवा नसेल. तिच्यासाठी ९५ टक्के अशी मधली अवस्था नाही. मात्र शंभर मंडळांत याच रीतीने अंतराल काढले, तर सुमारे ९५ ठिकाणी खरे उत्पन्न अंतरालात सापडेल आणि सुमारे पाच ठिकाणी निसटेल. ती पाच मंडळे कोणती, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. येर्झी नेमन यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ही कल्पना मांडली, तेव्हा तेथील जाणत्यांनाही ती सहज पचली नव्हती. विद्यार्थ्यांना ती आजही लवकर पचत नाही, यात त्यांचा दोष नाही.

पुरावा कोणी द्यायचा?

उदाहरणातील उंबरठा ११०० किलो आहे आणि तो अंतरालाच्या आतच पडतो. म्हणजे मंडळात प्रत्यक्ष तूट नसतानाही केवळ नमुन्याच्या योगायोगाने सरासरी १००० येऊ शकते. हाच विचार शिस्तीने मांडला की त्याला परिकल्पना-परीक्षण म्हणतात. प्रथम 'तूट नाही, खरे उत्पन्न ११०० आहे' ही शून्य परिकल्पना मांडावी. मग विचारावे : ती खरी असती, तर हाती आलेला आकडा कितपत अनपेक्षित ठरला असता? सरासरी उंबरठ्यापेक्षा अर्ध्या किलोने कमी आहे. प्रमाण त्रुटीने भागल्यास १.१८ येतात. पाच टक्के सार्थकता पातळीवर तूट मान्य करण्यासाठी हा आकडा १.८३ च्या पुढे जावा लागतो. तो गेला नाही. शून्य परिकल्पना फेटाळण्याइतका पुरावा नाही, असा निकाल लागतो.

निकालाची भाषा नीट वाचली पाहिजे. 'पुरावा अपुरा आहे' म्हणजे 'तूट नाही' असे नव्हे. शाखेच्या कामातील उदाहरण द्यायचे तर कर्जप्रकरणाच्या कागदांत दोष आढळला नाही आणि कागद निर्दोष आहेत, या दोन विधानांत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथेही आहे. तपासणी किती खोल होती, यावर सारे अवलंबून. आपल्या उदाहरणात खरे उत्पन्न खरोखरच १००० किलो असेल, तरी दहा प्रयोगांची ही चाचणी दहापैकी सुमारे सात वेळा ती तूट पकडू शकणार नाही. खरी शून्य परिकल्पना फेटाळणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि खोटी असूनही ती न फेटाळणे ही दुसऱ्या प्रकारची. पहिलीला पाच टक्क्यांचे कुंपण घातले जाते; दुसरीकडे मात्र बहुधा कोणी पाहत नाही.

समजा, भरपाईसाठी अशी चाचणी सक्तीची केली असती तर? उदाहरणातील मंडळाची सरासरी हेक्टरी ९४५ किलोंच्या खाली आल्याशिवाय एक रुपयाही मिळाला नसता. प्रयोगांची संख्या अपुरी, पण तिची सारी किंमत शेतकऱ्याने मोजायची, असा त्याचा अर्थ झाला असता. उलट 'तूट आहे' हीच शून्य परिकल्पना धरली असती, तर तेच ओझे विमा कंपनीवर गेले असते. योजनेने या दोन्ही वाटा टाळल्या आणि सरासरी जशी येईल तशी अंतिम मानली. खरे उत्पन्न नेमके उंबरठ्यावर असले, तर साधारण निम्म्या वेळा भरपाई निघेल, निम्म्या वेळा नाही. ही तडजोड आहे, आणि ती समंजस आहे. मात्र सरासरी अंतिम मानली म्हणून ती अचूक ठरत नाही. काही किलोंच्या फरकाने एका मंडळाला रक्कम मिळते आणि शेजारचे कोरडे राहते, तेव्हा त्या फरकामागे बहुधा निसर्गापेक्षा नमुन्याचाच हात मोठा असतो.

प्रयोग वाढविले तर? चाळीस प्रयोग केले आणि चढउतार तेवढाच राहिला, तर अंतराल ९१४ ते १०८६ इतका आवळेल आणि ११०० त्याच्या बाहेर पडेल. चौपट मेहनतीने अनिश्चितता मात्र जेमतेम निम्मी होते. उलट चारच प्रयोग असतील, तर कोष्टकातील गुणक ३.१८ होतो आणि अंतराल ५७५ पासून १४२५ पर्यंत फाकतो. एका गावातील शेते मंडळाच्या मानाने परस्परांशी अधिक मिळतीजुळती असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो इतका रुंद नसेल. तरी तो फार अरुंद होईल अशी आशा धरू नये. विमा घटक गावापर्यंत खाली आणावा ही मागणी रास्तच आहे, कारण मोठ्या घटकाची सरासरी कोणत्याच शेताचे चित्र दाखवीत नाही. पण घटक लहान करून प्रयोग चारच ठेवले, तर मोजमाप शेतकऱ्याच्या जवळ येते आणि त्याच वेळी अधिक अस्थिर होते.

अंतरालाला न दिसणारी चूक

हे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे : चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात. त्या एकाच बाजूला झुकल्या तर अंतरालाला त्याचा पत्ताही लागत नाही. या प्रश्नावर भारतातच मोठा वाद झाला होता. बिहार व ओरिसा प्रांतात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात भाताच्या कापणीचे यादृच्छिक नमुने घेतले होते. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये मोठी सर्वेक्षणे केली. त्यांचा कल अगदी लहान वर्तुळाकार तुकड्यांकडे होता. तुकडा लहान, म्हणजे वेळ कमी आणि नमुने अधिक. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनमध्ये नेमन यांच्याच विभागात शिक्षण घेतले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६-४७ च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न फुगून दिसत होते.

कारण साधे होते. सीमेवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्यात दर चौरस मीटरमागे ०.६ मीटर सीमा येते. साठ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती ३.३ मीटर होते. वादाची जागा साडेपाच पट वाढली की चूकही त्या मानाने वाढणारच. असे हजार तुकडे कापले तर अंतराल अरुंद होईल, प्रमाण त्रुटी नगण्य होईल आणि उत्तर तरीही चुकीचेच राहील. महालनोबिस यांनाही क्षेत्रकामातील अशा चुकांची पुरती जाणीव होती. एकाच प्रदेशाचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या पथकांकडून घेऊन त्यांची उत्तरे ताडून पाहण्याची त्यांची पद्धत त्यासाठीच होती. दोन्ही पथकांचा हात एकाच बाजूला झुकत असेल, तर मात्र तीही निरुपाय ठरते.

मोठ्या आयताकृती तुकड्याची रीत पुढे देशभर रूढ झाली. महसूल, कृषी आणि ग्रामविकास खात्यांचे कर्मचारी आज टेप, खुंट्या आणि दोरी घेऊन शेतात उतरतात, तेव्हा ते मोजतात तो तुकडा याच वादातून ठरलेला असतो. दोरीखाली आलेले रोप आत की बाहेर, हा निर्णय त्यांना अजूनही शेतातच उभे राहून घ्यावा लागतो.