प्रतिमा दुप्पट, प्रकाश एक चतुर्थांश

माझ्या एका विद्यार्थ्याने मला खंड्या पक्ष्याची दोन छायाचित्रे दाखविली. पहिले २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने घेतलेले होते. पक्षी लहान, पण रेखीव. दुसरे त्याच भिंगाला दुपटीचा टेलिकन्व्हर्टर जोडून, कॅमेरा हातात धरून घेतलेले; पक्षी मोठा, पण धूसर. "सर, आकार दुप्पट झाला, मग पिसे अधिक स्पष्ट का दिसत नाहीत?" त्याने विचारले. याचे उत्तर बरेचसे तुमच्या भिंगांच्या पाठातच आहे.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे मुख्य भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसविण्याचा छोटा भिंगसंच. एकंदरीत तो अंतर्गोल भिंगासारखे कार्य करतो. समजा, मुख्य भिंगातून आलेले किरण या अंतर्गोल भिंगाच्या मागे ५ सेंमी. वर एकत्र येणार होते आणि त्याचे नाभीय अंतर −१० सेंमी. आहे. मग

१/प्रतिमेचे अंतर = १/५ − १/१० = १/१०

म्हणजे प्रतिमा १० सेंमी. वर पडेल व १० ÷ ५ = २ पट मोठी होईल. दुर्बिणीत वापरले जाणारे असेच भिंग इंग्लिश गणिती पीटर बार्लो (१७७६–१८६२) यांच्या नावाने ओळखले जाते.

आता प्रकाशाचा हिशेब पाहू. २०० मिलिमीटरचे भिंग एफ/४ वर असताना त्याच्या छिद्राचा व्यास २०० ÷ ४ = ५० मिलिमीटर असतो. कन्व्हर्टरने तो वाढत नाही. नाभीय अंतर मात्र ४०० होते; म्हणून ४०० ÷ ५० = ८, अर्थात एफ/८. तेवढाच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरतो. जेथे १/२५० सेकंद पुरत होता, तेथे सुमारे १/६० सेकंद लागतो. शिवाय हाताचा कंपही प्रतिमेत दुप्पट दिसतो!

मुख्य भिंगाचे दोषही दुप्पट होतात, त्यांत कन्व्हर्टरचे स्वतःचे थोडे मिसळतात. आणि निर्दोष भिंगातही विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा छोटी तबकडी होते. तिचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रोमीटर) तो एफ/४ ला सुमारे ५.४, तर एफ/८ ला १०.७ मायक्रोमीटर येतो. प्रतिमा दुप्पट, तबकडीही दुप्पट! किती बारकावे मिळू शकतील याची मर्यादा ५० मिलिमीटरच्या छिद्राने आधीच ठरविलेली असते.

मग कन्व्हर्टर निरुपयोगी का? नाही. कॅमेऱ्यातील संवेदक बारीक चौकटींचा बनलेला असतो. उत्तम भिंगाने दिलेल्या पिसाच्या दोन रेषा एकाच चौकटीत पडल्या, तर त्या वेगळ्या उमटत नाहीत. छायाचित्र नंतर कितीही मोठे करा. कन्व्हर्टर त्यांना वेगवेगळ्या चौकटींत टाकतो. भिंग उत्तम, उजेड भरपूर व कॅमेरा तिपाईवर असेल तर फायदा होतो. भिंग सामान्य असेल, तर पहिलेच छायाचित्र कातरून मोठे करणे बरे.

करून पहा : २० सेंमी. नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगाने दूरच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर घ्या. पडद्याच्या ५ सेंमी. अलीकडे १० सेंमी. नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग धरा व पडदा ५ सेंमी. मागे सरकवा. प्रतिमेची उंची मोजा. तिचा उजेडही पहा.

विचार करा : १.४ पटीच्या कन्व्हर्टरने प्रतिमेची तेजस्विता किती उरेल? (उत्तर : सुमारे निम्मी.)