लूप जातो कुठे?

अगं, तुझा मेसेज आत्ता वाचला. ‘ताई, सर म्हणतात एकही फॉर लूप दिसता कामा नये, आणि मला तर दोन लूपशिवाय काही सुचतच नाही. मला हे जमणारच नाही का गं?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुझं डोकं शांत होईल. दोन लूपचं उत्तर तुझं तुला सुचलं ना? मग प्रश्न तुला कळलाय. ज्यांच्याकडे पहिल्याच दिवशी एका ओळीचं उत्तर तयार असतं, त्यातल्या कित्येकांनी ते कुठून तरी उचललेलं असतं. तोंडी परीक्षेत ‘हे वजा दोन कुठून आलं?’ एवढं विचारलं की त्यांची बोबडी वळते. तुझी वळू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आणि ते दोन लूप पुसू नकोस हं. वेगळ्या फंक्शनमध्ये जपून ठेव, पुढे लागणार आहेत.

ओळीओळींमधली अंतरं लूपशिवाय काढायचा हा गृहपाठ काही तुमच्या सरांनी शोधलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ मध्ये सीएस२३१एन हा कोर्स सुरू झाला. त्याच्या पहिल्या असाइनमेंटमध्ये हाच प्रश्न होता, आणि जगभरच्या पोरांनी त्यावर डोकं फोडलेलं आहे. तिथले आकडेच घेऊ या. सिफार-१० नावाचा चित्रांचा संच आहे. एकेक रंगीत चित्र ३२ बाय ३२ चं, तीन रंगांचं, म्हणजे एका चित्राचे ३०७२ आकडे. ते सगळे सरळ एका ओळीत मांडायचे. शिकवायला ५००० चित्रं आणि परीक्षेला ५००. परीक्षेतल्या प्रत्येक ओळीचं शिकवणीतल्या प्रत्येक ओळीपासून अंतर काढायचं, म्हणजे २५ लाख अंतरं. तेच काम तीनदा करायला सांगतात: आधी दोन लूप लावून, मग एक लावून, मग एकही न लावता. दोन लूपपासूनच सुरुवात करायला लावतात, हे लक्षात घे.

आता दोन लूप हळू का चालतात ते बघ. ३०७२ आकड्यांची वजाबाकी तर तू पायथॉनच्या नमपाय लायब्ररीकडूनच करून घेतेस, ती झटकन होते. पण प्रत्येक जोडीसाठी पायथॉनला दोन ओळी शोधायच्या, त्यांचा प्रकार तपासायचा, तात्पुरता ॲरे बनवायचा, फंक्शन बोलवायचं आणि शेवटी तो ॲरे टाकून द्यायचा. असं २५ लाख वेळा. खऱ्या गणिताइतकाच, कधी त्याहून जास्त वेळ या उठाठेवीत जातो. म्हणून ‘लूप काढा’ म्हणतात तेव्हा लूप नाहीसा होत नाही बरं का. तो पायथॉनमधून उठून खाली सीमध्ये किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेल्या, आधीच कंपाइल झालेल्या कोडमध्ये जाऊन बसतो. फेऱ्या तेवढ्याच होतात, फक्त दर फेरीला पायथॉन मध्ये पडत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की लूप लिहिल्याची लाज वाटणं बंद होतं.

एका लूपची मात्र गंमत आहे. तुला वाटेल दोनापेक्षा एक बरा. पुष्कळ जणांच्या मशीनवर एका लूपचं फंक्शन दोन लूपपेक्षाही सावकाश चालतं आणि पोरं चक्रावतात. कारण असं, की दोन लूपमध्ये एका वेळी हाताळायची ओळ २४ केबीची. ती प्रोसेसरच्या कॅशमध्ये आरामात मावते. एका लूपमध्ये मात्र दर फेरीला ५००० × ३०७२ आकड्यांचा तात्पुरता ॲरे तयार होतो. तो जवळजवळ १२३ एमबीचा, म्हणजे कॅशमध्ये मावायचं नावच नको. सगळा वेळ मेमरीतून आणण्यात आणि परत नेऊन ठेवण्यात जातो. तेव्हा लूप कमी म्हणजे वेग जास्त, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर नुसती मान डोलव आणि घरी येऊन मोजून बघ.

आता बिनलूपचं. इथे पहिला मोह ब्रॉडकास्टिंगचा होतो. एका मॅट्रिक्समध्ये मध्येच एक रिकामी मिती घालायची, दुसऱ्यात पुढे घालायची आणि सरळ वजाबाकी करायची. एका ओळीत काम होतं, दिसायलाही देखणं. लहान उदाहरणावर चालतं, म्हणून सगळे खूश. पण हिशेब मांड. ५०० × ५००० × ३०७२ म्हणजे ७६८ कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट. ६१ जीबीहून जास्त! तुझ्या लॅपटॉपला कुठून झेपणार? आणि हा सगळा डोलारा उभा करायचा कशासाठी, तर शेवटी २५ लाख आकडे मिळवायला, जे २० एमबीत मावतात. मला ही ओळ आवडत नाही, स्पष्टच सांगते. दहा-वीस ओळींचा मॅट्रिक्स असेल, स्तंभ दोन-तीन असतील, तर खुशाल वापर. एरवी नको.

खरं उत्तर तुला सातवी-आठवीपासून पाठ आहे. ए वजा बी, कंसाचा वर्ग, बरोबर ए वर्ग, वजा दोन एबी, अधिक बी वर्ग. तेच सूत्र आकड्यांऐवजी ओळींना लाव. दोन ओळींमधल्या अंतराचा वर्ग म्हणजे पहिल्या ओळीतल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज, अधिक दुसऱ्या ओळीच्या वर्गांची बेरीज, वजा दोघींच्या डॉट प्रॉडक्टची दुप्पट. कागदावर करून बघ: (१, १) आणि (४, ५) हे दोन बिंदू घे. पहिल्याच्या वर्गांची बेरीज २, दुसऱ्याची ४१, डॉट प्रॉडक्ट ९. ४३ वजा १८ म्हणजे २५, वर्गमूळ ५. फूटपट्टीने मोजलंस तरी पाचच येईल. ते ‘वजा दोन’ इथून आलं.

यात साधलं काय? पहिल्या दोन गोष्टी जोडीच्या नाहीतच, एकेका ओळीच्या आहेत. ५०० ओळींचे ५०० आकडे आणि ५००० ओळींचे ५००० आकडे, एकदाच काढून ठेवले की झालं. जोडीजोडीने बदलतो तो फक्त डॉट प्रॉडक्ट. आणि सगळ्या जोड्यांचे डॉट प्रॉडक्ट एकदम म्हणजे काय? पहिला मॅट्रिक्स गुणिले दुसऱ्याचा ट्रान्सपोज! ५०० × ३०७२ ला ३०७२ × ५००० ने गुणलं, ५०० × ५००० मिळाला. अवाढव्य तीनमितीय ॲरे मध्ये कुठे आलाच नाही.

इथे एक खोच आहे, हुशार परीक्षक हमखास विचारतो. गुणाकार कमी झाले का? नाही. ७६८ कोटी होते, ७६८ कोटीच राहिले. मग वेग कुठून येतो? मॅट्रिक्सचा गुणाकार नमपाय स्वतः करत बसत नाही, तो ब्लास नावाच्या जुन्या लायब्ररी-घराण्याकडे सोपवतो. मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स हा त्यातला तिसरा स्तर. त्याचा आराखडा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तुझी आई कॉलेजात असेल. आज ओपनब्लास किंवा इंटेलचं एमकेएल हे काम करतं. त्यांची युक्ती अशी, की मॅट्रिक्सचे छोटे चौकोनी तुकडे पाडायचे, एक तुकडा कॅशमध्ये आणला की त्याची सगळी कामं तिथल्या तिथे उरकायची, मगच त्याला परत पाठवायचं. दर पोळीला कणकेचा डबा माळ्यावरून उतरवून परत वर ठेवण्यापेक्षा एकदाच सगळी कणीक मळून घ्यावी, तसं. आकडा एकदा आणला की शेकडो वेळा वापरला जातो, शिवाय प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात.

आता फसायच्या जागा. सर या सांगणार नाहीत, म्हणून जरा मन लावून वाच.

५०० आकड्यांची यादी आणि ५००० आकड्यांची यादी तशीच बेरजेला दिलीस तर नमपाय एरर देईल. पहिलीला उभी करावी लागते, म्हणजे ५०० × १ असा आकार द्यायचा. बेरीज काढतानाच कीपडिम्स चालू ठेवलंस तर तो आकार आपोआप मिळतो. एरर आली तर उलट नशीबच समज. घोटाळा होतो तो एकाच मॅट्रिक्सच्या ओळींची आपापसांतली अंतरं काढताना. तेव्हा दोन्ही याद्यांची लांबी सारखीच असते. उभी करायला विसरलीस तरी नमपाय निमूटपणे बेरीज करून टाकतो आणि उत्तर साफ चुकतं. त्यातही कर्ण शून्यच येतो! म्हणजे ‘स्वतःपासून स्वतःचं अंतर शून्य आहे ना?’ एवढीच तपासणी केलीस तर सगळं आलबेल दिसेल. सममिती तपास. पहिलीपासून तिसरीचं अंतर आणि तिसरीपासून पहिलीचं अंतर जुळलं नाही, की चोर सापडला. त्याहून उत्तम म्हणजे जपून ठेवलेलं ते दोन लूपचं फंक्शन. दहा-बारा ओळींवर दोन्ही चालव आणि फरक बघ. स्टॅनफर्डच्या असाइनमेंटमध्येही हेच करतात. दोन उत्तरांतल्या फरकाचा नॉर्म काढतात, तो ०.००१ पेक्षा कमी आला तरच शाबासकी.

दुसरी जागा वजाबाकीची. हे सूत्र कागदावर निर्दोष आहे, संगणकात नाही. एका रेषेवरचे दोन बिंदू घे, १०००० आणि १०००१. अंतर १, हे शेंबडं पोरही सांगेल. आता ३२ बिटी फ्लोटमध्ये आपलं सूत्र चालव. १०००१ चा वर्ग १०,००,२०,००१. पण दहा कोटींच्या आसपास ३२ बिटी फ्लोटला लागोपाठचे आकडे दिसत नाहीत, तो आठ-आठच्या उड्या मारतो. शेवटचा एक गळून पडतो. बेरीज येते २०,००,२०,०००, दुप्पट गुणाकारही येतो २०,००,२०,००० आणि अंतर येतं शून्य. दोन वेगळे बिंदू, अंतर शून्य! दोन प्रचंड आणि जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी केली की असं होतं. म्हणून ६४ बिटी फ्लोट वापर. आणि आधी प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा कर. दोन्ही मॅट्रिक्समधून तीच सरासरी, नाहीतर अंतरं बदलतील. सगळे बिंदू एकत्रच सरकल्यामुळे अंतरं तीच राहतात, आकडे मात्र लहान होतात. एवढं करूनही कधी शून्याच्या जागी उणे काहीतरी बारीकसं येतं आणि वर्गमूळ काढलं की ‘नॅन’ दिसायला लागतात. ते घाबरण्यासारखं नाही. वर्गमूळ काढण्याआधी उणे आकडे शून्यावर आण. पण उणे आकडे मोठे असतील तर ते असे झाकू नकोस, सूत्र लिहितानाच काहीतरी चुकलंय.

चित्रं स्वतः उघडून वाचत असशील तर अजून एक. पिक्सेल ८ बिटी बिनचिन्ह पूर्णांक असतात, त्यात ५ वजा १० म्हणजे २५१ होतात आणि २०० चा वर्ग ६४. आधी फ्लोट कर.

वर्गमूळाचं विचारलं होतंस, दरवेळी काढायचंच का? सर्वांत जवळची ओळ कुठली एवढंच हवं असेल तर नको. वर्गाने क्रम बदलत नाही. सरांना खरं अंतरच हवं असेल तर काढ.

या असाइनमेंटमध्ये एवढा खटाटोप करून, सर्वांत जवळच्या चित्राचा प्रकार तोच आपल्या चित्राचा असं धरलं, तर पहिल्या फटक्यात चित्रं ओळखण्याची अचूकता साधारण २७ टक्के येते, हेही सांगून ठेवते. चित्रांचे प्रकार दहा, त्यांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी १० टक्के मिळतातच. पिक्सेलमधलं अंतर म्हणजे चित्रांमधलं साम्य नव्हे. तेव्हा निकाल बघून हिरमुसू नकोस, तुझा कोड बरोबरच असेल.

नोकरीत मी हे हाताने लिहीत नाही. सायपाय लायब्ररीचं अंतरं काढणारं सीडिस्ट हे फंक्शन आहे, एकाच मॅट्रिक्ससाठी पीडिस्ट आहे. पीडिस्ट प्रत्येक जोडी एकदाच मोजतो, १००० ओळींच्या ४,९९,५०० जोड्या, उगाच दुप्पट नाही. सायकिट-लर्नचं युक्लिडिअन डिस्टन्सेस मात्र आतून आपलंच शाळेतलं सूत्र वापरतं, आणि अचूकतेचा धोका त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेला आहे. पण एकदा तरी हाताने लिहिलेलं असावं, नाहीतर तो इशारा वाचून काही कळत नाही. आणि हे सूत्र वर्गाचं आहे. उद्या कुणी मॅनहॅटन अंतर मागितलं, म्हणजे नुसत्या फरकांची चिन्ह सोडून बेरीज, तर ते इथे चालत नाही. तिथे मुकाट्याने सीडिस्ट वापर.

आणि उद्या पूर्ण सिफार-१० घ्यायला सांगितलं, ५०,००० आणि १०,००० चित्रं, तर नुसता उत्तराचा मॅट्रिक्सच ४ जीबीचा होतो. तेव्हा परीक्षेच्या ओळींचे पाचशे-पाचशेचे गठ्ठे कर. दर फेरीला २०० एमबी, त्यातून जवळची चार-पाच चित्रं टिपून घ्यायची आणि बाकी सोडून द्यायचं. वीस फेऱ्या. हो, फॉर लूपच लावायचा, उजळ माथ्याने. सरांना तो खटकला तर त्यांना माझा नंबर दे.