मोतीला गडावर नेण्याआधी

मोतीला घेऊन राजगडाला निघालीस, छान केलंस. पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की धर. कुत्रा दमला तरी सहसा आपण होऊन थांबत नाही. तू चालशील तोवर तो पाय ओढत मागे येतो. म्हणून कुठे थांबायचं आणि कुठून परत फिरायचं, हे तूच ठरवायचं.

वाट त्याच्या पायांना झेपेल अशी निवड. गुंजवण्याहून चोरदरवाजाने जाऊ नकोस. तिथला शेवटचा कातळ आपण रेलिंग धरून चढतो, त्याने काय धरायचं? पाली दरवाजाची वाट रुंद आहे, पायऱ्यांची आहे, तिनेच जा. बालेकिल्ल्याचा खडा चढ मात्र सोडून दे. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, तिथे त्याला कधीच नको. अभयारण्यातही पाळीव कुत्रा नेऊ नये.

थंडी आहे म्हणून पाणी कमी घेऊ नकोस. पहाटे हुडहुडी भरली तरी अकरानंतर कातळ तापतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. 25 किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. चढाईला त्याचं 2 लिटर वेगळं ठेव, आणि थोडं थोडं पाजत राहा. जीभ लांब, रुंद लोंबायला लागली, तो सावली शोधायला लागला, की बसायचं. पोटावर, पंजांवर पाणी घालायचं.

हिवाळ्यातला खरा वैरी म्हणजे कुसळ. पावसाळ्यातलं गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात. टोकाशी उलटे केस असतात, त्यामुळे कुसळ आतच सरकतं, बाहेर येत नाही. प्रत्येक विसाव्याला पंजा हातात घे, बोटं फाकवून बघ. खाली उतरल्यावर कानामागे, काखेत गोचीड चाचप. कुसळ कानात खोल गेलं असेल तर स्वतः उकरू नकोस, डॉक्टरांकडे ने.

खाण्याचंही सांगते. आपल्या डब्यातले कांदेपोहे, खिशातले मनुके, चॉकलेट त्याला विषासारखे आहेत. त्याचं खाणं घरून ने.

पट्टा सोडू नकोस. वाटेत शेरडं चरतात, गावची कुत्री अंगावर येतात. आणि बिबट्या आहेच. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. उजेडात चढ आणि सूर्य मावळायच्या आत पायथ्याला ये. रेबीजची लस झाली आहे ना, हे निघण्याआधी बघून घे.

पाली दरवाजा समोर दिसत असतानाही तो धापा टाकत बसला, तर तिथूनच माघारी फिर. तो तुझ्या भरवशावर आलेला असतो. त्याला सुखरूप खाली आणणं हे तुझं काम आहे.