डिफरन्शिअल घेण्याआधी

चि. सोन्यास,

तुझ्या १९९२च्या मियाटाला प्लेटवालं डिफरन्शिअल बसवायचं म्हणतोस. ऑटोक्रॉसच्या मित्रांनी ते सुचवलं, हे समजलं. पण पैसे भरण्याआधी माझं ऐक.

ओपन डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, आणि किती द्यायचा ते कमी पकडीच्या चाकावरून ठरतं. वळणात आतलं मागचं चाक हलकं होऊन नुसतंच फिरतं. मग बाहेरच्या घट्ट टेकलेल्या चाकालाही तेवढाच टॉर्क मिळतो. तुझी गाडी जेमतेम हजार किलोची, त्यामुळे मागच्या चाकांवर मुळात भार थोडा. अशा गाडीला उपाय सौम्य हवा.

प्लेटवाल्यात क्लचप्लेटांवर आधीच दाब ठेवलेला असतो, त्याला प्रीलोड म्हणतात. हलक्या गाडीत तो जास्त झाला की वळणात शिरताना मागची दोन्ही चाकं गाडीला सरळच ढकलतात. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळत नाही. प्लेटवाल्यातलं वन-वे फक्त गॅस दिल्यावर धरतं, टू-वे गॅस सोडल्यावरही. ड्रिफ्टवाल्यांना टू-वे हवंच असतं. तू मात्र त्याच गाडीने रोज कॉलेजला जातोस. पार्किंगमध्ये वळताना होणारी कडकड, सारखं तेल बदलणं, प्लेटा झिजल्या की सगळं उघडणं, हे तुला कशाला?

तू टॉर्सन घे. त्यात प्लेटा नाहीत. गिअरच एकमेकांवर दाबले जातात, जोर वाढेल तशी धर वाढते. समज, त्याचं गुणोत्तर अडीच आहे. आतलं चाक १०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर बाहेरच्याला २५० पर्यंत मिळू शकतात. खोट एकच: आतलं चाक पूर्ण उचललं गेलं तर शून्याची अडीचपट शून्यच. तुझं चाक उचललं जात असेल तर आधी मागचा अँटी-रोल बार बारीक लाव किंवा काढून बघ. जाड बारच बहुधा ते चाक उचलतो.

माझदाने १९९४पासून १.८ लिटरच्या काही मियाटांना टॉर्सन दिलं. तुझ्या १.६मध्ये लिमिटेड स्लिप असलंच तर ते व्हिस्कस, आणि इतक्या वर्षांत त्यातला सिलिकोनचा द्रव निकामी होत आलेला असणार. १.८चं क्राउन व्हील ७ इंची, तुझं ६ इंची, म्हणून साल्वेज यार्डातून अख्खं डिफरन्शिअल, दोन्ही हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्ट एकत्र आण. प्रत्येक १.८मध्ये टॉर्सन नसतं. हाफ शाफ्ट ओढून आत बघ. आडवी पिन दिसली तर ते ओपन, सोडून दे. रेशो ४.३वरून ४.१ होईल, म्हणजे ओढ किंचित कमी होईल. वळणातून बाहेर पडताना तुला ती खटकणार नाही. तेल जीएल-५ घाल, फ्रिक्शन मॉडिफायर अजिबात नको.

पैसे उरले तर चांगले टायर घे. यार्डात माल पसंत पडला की पैसे देण्याआधी आतला फोटो मला पाठव, मी रात्री जागा असतो.

तुझा,
मामा