पीसीओएसमधील शोथ : निदान व सावधगिरी
अनियमित बीजोत्सर्ग, अँड्रोजेनचे आधिक्य आणि बहुग्रंथियुक्त बीजांडकोश या तिहींपैकी दोन बाबी आढळल्यास व थायरॉइड, प्रोलॅक्टिन आदी अन्य कारणे वगळल्यावर पीसीओएसचे निदान करावे, असे रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेले निकष सांगतात. या व्याधीतील शोथ ग्रंथोक्त शोथाप्रमाणे उत्सेधाने प्रकट होत नाही. तो मंद व सार्वदैहिक असतो; अनेक रुग्णांत सीआरपीची किंचित वाढ एवढीच त्याची खूण असते. इन्सुलिनचे कार्य क्षीण झाल्याने रक्तातील इन्सुलिन वाढते व त्यामुळे बीजांडकोश अधिक अँड्रोजेन निर्माण करतात. म्हणून केवळ शोथहर कल्पांवर विसंबू नये. संतर्पणजन्य व्याधीप्रमाणे निदानपरिवर्जन, आहारनियमन व व्यायाम हा चिकित्सेचा पाया होय. ग्लुकोज सहनशीलता चाचणीही करून घ्यावी.

औषधालयचालकांनी पाळी लांबली एवढ्यावरून रजःप्रवर्तिनी वटी देऊ नये. प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री व्हावी. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न आल्यास रुग्णेस तपासणीसाठी पाठवावे. दीर्घकालीन अनार्तवात गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होऊन पुढे कर्करोगाचा धोका संभवतो.