एंटर दाबण्याआधीची ओळ

चिकलठाणा एमआयडीसीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांना स्टॉक आणि डिस्पॅचची सिस्टिम करून देतो, त्यामुळे दिवस जातो तो कुणाच्या ना कुणाच्या सर्व्हरवर लॉगिन करून, काळ्या खिडकीत. कमांड टाइप करण्याआधी तिथे जी ओळ दिसते, तो प्रॉम्प्ट. नवी पोरं तो नटवण्यात अख्खा शनिवार घालवतात. घालवू देत. पण तो कशासाठी असतो ते आधी ऐका.

एका कारखान्यात डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. एकाच्या नावात पहिल्या टिंबानंतर ‘लाइव्ह’, दुसऱ्याच्या नावात ‘टेस्ट’. टिंबाआधी मात्र दोघंही ‘डीबी१’. बॅश या शेलच्या प्रॉम्प्टमध्ये उलट्या तिरप्या रेघेपुढे लहान एच लिहिला की मशीनचं नाव पहिल्या टिंबापर्यंतच छापलं जातं. शेजारी-शेजारी दोन खिडक्या, दोन्हींत ‘डीबी१’. आमच्यातल्या एकानं टेस्टचा म्हणून डेटाबेस बंद केला, तो निघाला लाइव्हचा. डिस्पॅचच्या स्लिपा छापायच्या थांबल्या, ट्रक गेटवर खोळंबले. डेटा वाचला, एवढंच नशीब.

गिटलॅब या कंपनीचं तेवढंही नशीब नव्हतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरचा समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवायला घेतला. चूक लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. पुढे त्यांनी सुधारणांची यादी जाहीर केली. तीत बॅकअपच्या मोठमोठ्या कामांसोबत एक किरकोळ वाटणारं कामही होतं: आपण कुठल्या मशीनवर आहोत हे स्पष्ट कळेल असा प्रॉम्प्ट सगळ्या सर्व्हरवर करायचा.

तेव्हा लहान एचच्या जागी मोठा एच घाला, पूर्ण नाव येतं. लाइव्ह सर्व्हरचं नाव लाल पट्टीवर दाखवा. लाल-हिरवा फरक न कळणारे लोकही असतात, म्हणून ‘लाइव्ह’ हा शब्दही हवाच. आणि हे स्वतःच्या लॅपटॉपवर करून भागत नाही. सर्व्हरच्या सामाईक फाइलमध्ये लिहा, म्हणजे रात्रपाळीला लॉगिन करणाऱ्यालाही ते दिसेल. रूटचा प्रॉम्प्ट वेगळा तपासा. आणि पूर्ण नाव दिसणार, तेव्हा ते आटोपशीर ठेवा. २०२३ मध्ये आमच्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावर एकानं ते अख्खं मशीनच्या नावात घातलं होतं. रोमन लिपीत २४ अक्षरं! विमानतळाचा आयएक्सयू हा तीन अक्षरी कोड काय वाईट आहे?

रंग देताना बहुतेकांची एक गोष्ट सुटते. रंगाचे कोड पडद्यावर जागा घेत नाहीत, हे बॅशला सांगावं लागतं. त्यासाठी ते `\[` आणि `\]` यांच्यामध्ये ठेवायचे. नाही ठेवले तर बॅश त्यांनाही अक्षरं धरतं. मग लांब कमांड पुढच्या ओळीवर जायच्या ऐवजी स्वतःवरच चढते. वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की तिचे तुकडे उरतात, आणि दिसतं एक, चालतं भलतंच. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर कंस बरोबर असूनही कर्सर सरकू शकतो, कारण काना-मात्रा आणि जोडाक्षरांची रुंदी शेल एका हिशेबानं मोजतं, टर्मिनल दुसऱ्या. मराठी फोल्डर ठेवा, पण प्रॉम्प्टच्या शेवटी नवी ओळ घालून `$` खाली आणा, म्हणजे टाइप करायची जागा स्वच्छ राहते.

आता वेग. त्या ट्रकांच्या प्रकरणानंतर आमच्याकडे प्रॉम्प्टमध्ये सगळंच आलं. गिटची ब्रँच, पायथन, नोड, घड्याळ, बॅटरी. एंटर दाबलं की क्षणभर काहीच नाही. यात खरा वेळखाऊ गिट असतो. नुसतं ब्रँचचं नाव स्वस्त आहे, ते गिटच्या फोल्डरातल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ‘काही बदललंय का’ हे सांगायला मात्र गिटला सगळा प्रोजेक्ट चाळावा लागतो, तोही प्रत्येक एंटरला. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ वापरत असाल आणि प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर असेल, तर हे चाळणं आणखी रखडतं. तो लिनक्सच्या बाजूला हलवा. आमचा निम्मा त्रास तिथेच गेला.

अंदाजानं काही काढू नका, मोजा. ‘गिट स्टेटस’च्या आधी ‘टाइम’ लिहून चालवा. प्रॉम्प्टसाठी स्टारशिप हे टूल वापरत असाल तर त्यात ‘टायमिंग्ज’ ही कमांड आहे, कोण किती वेळ खातो ते ती ओळीनं दाखवते. बॅटरी आणि घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात असतातच, ते मी बिनदिक्कत काढले. मागची कमांड फसली का, हे मात्र ठेवलं. फुकटात मिळतं आणि रोज कामी येतं. फक्त `$?` सर्वांत आधी वाचून बाजूला ठेवा, नाहीतर प्रॉम्प्टनं स्वतः चालवलेल्या कमांडचाच निकाल दिसत राहतो.

सर्व्हरवर बदल करताना जुनं सेशन बंद करू नका. नव्या खिडकीत लॉगिन करून पाहा, मग एससीपीनं एखादी फाइल आणून पाहा. बॅशआरसीमध्ये कुणी हौसेनं स्वागताची ओळ छापायला लावली असेल, तर फाइल येतच नाही. तसली ओळ, ठेवायचीच असेल तर, फक्त इंटरॅक्टिव्ह लॉगिनसाठी ठेवा.